नागरिकत्व आपल्या गावापर्यंत कसं पोहोचलं

विटा भागातल्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “नागरिकत्व इंग्रजांबरोबर आलं असं आम्हाला शिकवलं. मग त्याआधी आपल्या गावातला माणूस नुसता प्रजा होता का? ही कल्पना इतक्या शतकांत बदलत कशी गेली? आणि आज आधार, पॅन, मतदार ओळखपत्र सगळं असताना तहसील कचेरीत वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा वेगळा दाखला का मागतात?”

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. नोकरी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत झाली आणि नायब तहसीलदार म्हणून बरीच वर्षं निवडणूक शाखा माझ्याकडे होती. मतदार यादीवरच्या हरकती ऐकणं, दाखल्यांवर सह्या करणं, जुन्या नोंदी काढून देणं हे माझं रोजचं काम. त्या कामातूनच मला या इतिहासाची ओढ लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. नागरिकत्वात दोन प्रश्न गुंतलेले असतात. हा माणूस आपल्यातला आहे का, हा पहिला. आणि सगळ्यांचा निर्णय होताना याचा शब्द धरायचा का, हा दुसरा. काही काळी या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र मिळत. मग शतकानुशतकं पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असं चाललं. आपल्या देशात ही दोन उत्तरं प्रत्येक माणसासाठी जोडली गेली त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. शिवकाळात आणि पेशवाईत कऱ्हाड, वाई, खटाव या भागांतल्या गावांत शेतकरी दोन प्रकारचे असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. दुष्काळात किंवा स्वारीच्या धामधुमीत तो परागंदा झाला आणि कितीतरी वर्षांनी परतला, तरी मिरासीवर त्याचा हक्क सांगता येई. सारा त्याच्यावर बहुधा जास्त बसे, पण गावकीत त्याला मान होता, गायरानात वाटा होता, गावाच्या बैठकीत बोलायचा अधिकार होता. उपरी बाहेरून आलेला. सवलतीच्या दराने जमीन कसायचा, गावात राहायचा, सणाला गावाबरोबर असायचा, पण निवाड्यात त्याला कोणी विचारत नसे. गावाची संमती मिळाली आणि त्याने रक्कम भरली तर पाटील आणि गावकरी त्याला मिरासपत्र करून देत, आणि त्या दिवसापासून तो गावचा होई. परक्याला रीतसर आपला करून घ्यायची पद्धत आपल्याकडे होती, तीही लेखी.

भांडण मोठं असलं की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांची माणसं आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे एकत्र येत. निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षीदारांसह लेखी निर्णयपत्र, लिहिला जाई आणि त्याखाली ज्याच्या त्याच्या धंद्याची निशाणी काढली जाई. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. अक्षर येत नसलं तरी माणसाची साक्ष कागदावर उतरत होती. असे महजर वाचताना मला नेहमी एक गोष्ट अस्वस्थ करते. शिवेच्या वादात महाराची साक्ष सगळ्यात वजनदार मानली जाई. गावाची हद्द कुठे संपते हे त्याच्या शब्दावर ठरायचं, आणि त्याच माणसाचं घर मात्र वेशीबाहेर, गावच्या पाणवठ्यावर त्याला बंदी. शब्द धरला, पण माणूस आपल्यात धरला नाही. पुढच्या काळात काय बदलायला हवं होतं ते या एका उदाहरणात सगळं आलं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, माणूस नुसता प्रजा नव्हता. काहींना गावात मोठा अधिकार होता. पण तो जमीन, वतन आणि जातीवरून मिळे, माणूस म्हणून नव्हे. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. प्राचीन वैशालीतल्या लिच्छवींच्या गणसंघात, म्हणजे कुळांच्या सभेने चालणाऱ्या राज्यात, निर्णय सभेत होत, तरी सभेत बसणारे क्षत्रिय कुळांतले. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरचा इ. स. ९२० च्या सुमाराचा चोळकालीन शिलालेख सांगतो की तिथे गावसमित्यांची निवड घागरीत नावांच्या चिठ्ठ्या टाकून होई. उमेदवार मात्र स्वतःच्या जमिनीवर घर असलेला आणि वेदाध्ययन केलेला हवा. त्यातली एक अट आजही लागू करावी अशी आहे: समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो आणि त्याचे जवळचे नातेवाईक अपात्र.

ग्रीसमधलं अथेन्स याच वाटेवर जरा पुढे गेलं होतं. इ. स. पू. ५०८ च्या सुमाराला क्लेइस्थेनीसने लोकांची नोंद वस्तीवार केली, आणि वस्तीच्या यादीत नाव असलेला प्रौढ पुरुष नागरिक ठरू लागला. मतदार यादीचा हा फार जुना पूर्वज. इ. स. पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसने कायदा कडक केला, आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. गुलाम आणि बायका निर्णयाबाहेर होत्या. बाहेरून येऊन राहिलेले व्यापारी-कारागीर कर भरत, लढाईत उतरत, पण सभेत त्यांना जागा नव्हती. आपल्या उपऱ्यांची हीच गत. नागरिक म्हणजे राज्यकारभारात आणि न्यायदानात भाग घेणारा, अशी व्याख्या करणारा ॲरिस्टॉटल स्वतः स्टॅगिराचा, म्हणजे अथेन्समध्ये परकाच होता.

अथेन्सची एक तरतूद मला फार मोलाची वाटते. न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकाला पेरिक्लीसच्या काळापासून रोजचा भत्ता मिळू लागला. पुढे नागरिकांच्या सभेला येणाऱ्यांनाही मिळाला. हातावर पोट असलेला माणूस दिवस बुडवून सभेला येणार नाही, हे त्या लोकांनी ओळखलं होतं. या मुद्द्याकडे मी शेवटी येतो.

रोमने नागरिकत्व शहराबाहेर नेलं. इटलीतल्या मित्रनगरांनी त्यासाठी इ. स. पू. ९१ पासून युद्ध पुकारलं आणि ते मिळवलं. इ. स. २१२ मध्ये सम्राट काराकालाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमन नागरिक करून टाकलं. त्याचा हेतू कराचं उत्पन्न वाढवायचा होता, असं त्याच काळातला इतिहासकार कॅसियस डायो लिहून गेला. पण तोवर त्या नागरिकत्वात मत देण्यासारखं काही उरलं नव्हतं, निर्णय सम्राटाचा होता. थोड्याच काळात वरच्या थरातल्यांना सौम्य शिक्षा आणि खालच्यांना कठोर शिक्षा असा भेदही कायद्यात घट्ट झाला. सगळे आपल्यातले ठरले आणि शब्द कुणाचाच राहिला नाही.

मध्ययुगातला युरोप मी झटकन ओलांडतो. तिथे नागरिकपण शहराच्या तटबंदीत टिकलं. जर्मन मुलखातल्या कित्येक शहरांत वेठबिगार माणूस वर्षभर आणि एक दिवस राहिला की जमीनदाराला त्याच्यावर हक्क सांगता येत नसे. तटाबाहेर सगळे राजाचे प्रजाजन. इंग्लंडमध्ये १६०८ साली एका खटल्यात ठरलं की राजाच्या सत्तेखालच्या भूमीत जन्मलेला तो राजाचा प्रजाजन. ‘जिथे जन्म, तिथला’ हे सूत्र इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आलं त्याचं मूळ इथे आहे. फ्रान्सने १८०४ च्या संहितेत रक्ताचं नातं प्रमाण मानलं. आजही जगातले बहुतेक कायदे या दोन सूत्रांच्या मिश्रणातून बनतात, आपलाही.

१७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याने माणसाचे आणि नागरिकाचे हक्क एकत्र मांडले, आणि दोनच वर्षांत तिथल्या संविधानाने नागरिकांची सक्रिय आणि निष्क्रिय अशी विभागणी केली. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणारा पुरुष मत देणार, घरगडी देणार नाही, बाई देणार नाही. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला तो थेट १९४४ साली. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर १९७१ साली. आमच्याकडच्या आजीबाईंनी १९५२ मध्ये मत दिलं होतं, हे मी शाळांतल्या मुलांना मुद्दाम सांगतो.

आता परत साताऱ्याला. १८१८ नंतर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं, १८१९ मध्ये तह केला आणि १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथे राहून कंपनीच्या दारात आणि पार्लमेंटच्या सभासदांकडे खेपा घालत राहिले. १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून सातारा खालसा झालं. राजा असो वा रयत, कंपनीपुढे सगळे अर्जदार होते. अर्ज फेटाळला तर जाब विचारायची सोय नव्हती. १८५७ नंतर, १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने वंश आणि धर्म न पाहता प्रजेला समान वागणुकीचं वचन दिलं. पुढची साठ-सत्तर वर्षं आपले पुढारी, आणि दक्षिण आफ्रिकेत गांधीजी, तेच वचन सरकारपुढे धरत राहिले. ते वचन होतं, हक्क नव्हता.

सातारा नगरपालिका १८५३ ची. पण तिथे लोकांनी निवडलेली माणसं बसायला वेळ लागला. लॉर्ड रिपनच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर स्थानिक मंडळांत निवडणुकीला जोर आला, तोही कर भरणाऱ्या थोड्यांपुरता. १९१९ च्या सुधारणांनी आणि १९३५ च्या कायद्याने मतदार वाढत गेले, तरी १९३५ च्या कायद्याखाली देशभरात ते सुमारे तीन कोटीच होते. बाकीचे प्रजाजन, कर भरणारे पण न विचारले जाणारे.

या काळातली सगळ्यात बोलकी नोंद आपल्याच जिल्ह्यातली आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. वडील लष्करातले निवृत्त सुभेदार, तेव्हा खटाव तालुक्यात नोकरीला. १९०१ मध्ये भावंडांसह वडिलांना भेटायला निघालेला हा मुलगा मसूर स्टेशनावर उतरला, आणि जात कळल्यावर एकही गाडीवान बसवून घेईना. दुप्पट भाडं देऊन, बैल स्वतः हाकायच्या बोलीवर एक गाडी मिळाली. जवळ डबा होता, पण प्यायला पाणी मिळालं नाही म्हणून मुलं उपाशी राहिली. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवलं. राणीच्या वचनाप्रमाणे तो मुलगा समान प्रजाजन होता, आणि मसूरच्या रस्त्यावर त्याला घोटभर पाणी नव्हतं. १९१९ मध्ये मताधिकार समितीपुढे त्यांनी मांडलं की प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सरकारी पद धारण करण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन मुख्य हक्क, आणि अस्पृश्यतेने ते हिरावून घेतले आहेत. १९२३ मध्ये मुंबई कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव झाला. तरी महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ ला लोकांना स्वतः चालत जाऊन पाणी प्यावं लागलं. ठराव आणि ओंजळ यांच्यात चार वर्षं गेली.

आपल्या भागाची आणखी एक गंमत नव्या पिढीला माहीत नसते. आजचे सातारा-सांगली जिल्हे तेव्हा ठिगळाठिगळांचे होते. ब्रिटिश सातारा जिल्हा, आणि मध्ये मध्ये औंध, फलटण, जत, सांगली, मिरजेच्या थोरल्या-धाकट्या पाती. सांगली संस्थानाचे तालुके तर मंगळवेढ्यापासून शिरहट्टीपर्यंत विखुरलेले. शेजारच्या दोन गावांतले मावसभाऊ, एक ब्रिटिश प्रजाजन आणि दुसरा संस्थानी प्रजा. कायद्याच्या भाषेत संस्थानी माणूस ब्रिटिश प्रजाजन नव्हता, तो फक्त ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’. बांध ओलांडला की पोलिस वेगळे, न्यायाधीश वेगळा, कर वेगळे.

आणि याच ठिगळांतल्या एका लहान संस्थानात देशाच्या आधी काहीतरी घडलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपला अधिकार लोकांच्या हाती द्यायचं ठरवलं. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना तयार केली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती लागू झाली. बहात्तर गावांचं राज्य. गावागावांत निवडलेली पंचायत, वर तालुका पंचायत, त्यावर विधिमंडळ. औंध, कुंडल, आटपाडी ही गावं नकाशावर पाहा, एकमेकांपासून किती लांब आहेत ते कळेल. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत निघाली. तिथे शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय कुटुंबासह राहून शेती करत. गुन्हेगारसुद्धा माणसात परत येऊ शकतो, हा विश्वास राज्यकारभारात उतरवलेला मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

औंधच्या प्रयोगाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मताला साक्षरतेची अट घालावी ही गांधीजींची सूचना होती, ती मला पटत नाही. हेतू चांगला होता, लोक शिकावेत हा. पण १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता सुमारे १८ टक्के निघाली. तीच अट देशाला लावली असती तर दर पाच माणसांतली चार बाहेर राहिली असती, आणि बाहेर राहिलेल्यांसाठी शाळा काढायची घाई कुणाला झाली असती? आधी मत, मग शाळा, हाच क्रम बरोबर ठरला.

१९४३ पासून सातारा जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या जिल्ह्यात, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सोबत्यांनी तुफान सेना उभी केली, गावोगाव न्यायदान मंडळं बसवली, कमी खर्चात गांधी विवाह लावले. भूमिगतांना औंधच्या हद्दीतल्या कुंडलचा मोठा आधार होता. इथे शेतकऱ्याने पहिल्यांदा न्याय मागायचं सोडून न्याय देणारा व्हायचा अनुभव घेतला. त्या शिक्षा कठोर असत आणि त्यांवर दाद मागायला वरचं न्यायालय नसे, हेही सांगायला हवं. परकी सत्ता झुगारायला ते पुरलं. कायमच्या राज्याला मात्र दाद मागायची जागा लागतेच.

मग स्वातंत्र्य आलं. इथे मला माझ्या खात्याबद्दल अभिमानाने लिहायचं आहे. सर्व प्रौढांच्या मतदार याद्यांची तयारी संविधान सभेच्या सचिवालयाने नोव्हेंबर १९४७ मध्येच सुरू केली. संविधान व्हायचं होतं, नागरिकत्वाचं कलम लिहायचं होतं, फाळणीचे निर्वासित अजून येत होते. त्या निर्वासितांचं नाव कुठल्या आधारावर घालायचं? कायम इथेच राहणार, एवढ्या त्यांच्या लेखी निवेदनावर नावं घेतली गेली. माणसाचा शब्द धरला गेला. तलाठी, पाटील, शिक्षक दारोदार फिरले. आपण नागरिक झालो त्याआधी मतदार म्हणून मोजले गेलो.

नागरिकत्वाच्या कलमांनी मसुदा समितीला फार डोकेदुखी दिली, असं बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४९ मध्ये सभागृहात सांगितलं. त्या चर्चेत पंजाबराव देशमुखांनी नुसत्या जन्मावर नागरिकत्व द्यायला विरोध केला आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शिखाला ते मिळावं असा आग्रह धरला. सभेने धर्माचा आधार स्वीकारला नाही. हा वाद सत्तर वर्षांनी परत आला. २०१९ च्या दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना सवलत मिळाली आणि आपल्या नागरिकत्व कायद्यात धर्माची नावं पहिल्यांदा लिहिली गेली. माझं मत १९४९ च्या सभेच्या बाजूने आहे. आसरा द्यायचा तर छळ झाला का एवढंच विचारावं.

नागरिकत्वाची कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली, बाकीच्या बहुतेक संविधानाच्या दोन महिने आधी. पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. पण जवळपास २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नोंद दिली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नावं ठेवायला नकार दिला. काहींना हा निर्णय कठोर वाटतो, मला योग्य वाटतो. पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेक जणींनी आपलं नाव सांगितलं. या प्रश्नाचं आजचं रूप मी कचेरीत पाहिलं आहे. लग्न झालं की माहेरच्या यादीतून मुलीचं नाव तत्परतेने वगळलं जातं, सासरच्या यादीत घालायला मात्र कुणाला सवड नसते. मतदानाच्या दिवशी ती केंद्रावरून परत जाते. नव्या सुनेचा स्थलांतराचा नमुना ८ भरून घ्यायची आठवण बी. एल. ओ. ला, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, आणि घरच्यांना, दोघांनाही करावी लागते.

आता तुमच्या दाखल्याचा प्रश्न. आधार कायद्यातच लिहिलं आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. देशात वर्षभरात १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. पॅन कर भरण्यासाठी. मतदार ओळखपत्र नागरिकालाच मिळायला हवं, पण ते यादीतल्या नावावरून निघतं. तहसीलचा दाखला या सगळ्यांपेक्षा वेगळं काम करतो: जन्माची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला आणि साधारण पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे कागद पाहून तो प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी तुमची पात्रता सांगतो. तो नागरिकत्व देत नाही. तो अधिकार केंद्राचा आहे, आणि तुम्हा-आम्हाला ते जन्मानेच मिळालेलं असतं.

जन्माने, पण कुठल्या तारखेला? हे फार थोड्यांना माहीत असतं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, परदेशी वकिलातींची मुलं वगैरे मोजके अपवाद सोडले तर, आईबाप कोण हे न पाहता नागरिक. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप यांपैकी एक तरी नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे एकाच घरात आजोबा संविधानाच्या पाचव्या कलमाने नागरिक, वडील मातीवरून आणि नात रक्तावरून. परदेशात जन्मलेल्या मुलाला १९९२ पर्यंत फक्त बापाकडून नागरिकत्व मिळे, आईकडून नाही. तेही दुरुस्त झालं. म्हणून सांगतो, घरातल्या प्रत्येक बाळाची जन्मनोंद वेळेत करा आणि म्हाताऱ्या माणसांचे शाळेचे उतारे, गावच्या जन्म-मृत्यू रजिस्टरातल्या नोंदी आताच काढून ठेवा. मोडीतल्या जुन्या नोंदींचं लिप्यंतर लागतं, त्याला वेळ जातो.

तुमच्या विट्याच्या भागातले गलाई व्यावसायिक केरळपासून बंगालपर्यंत सोनं-चांदी गाळतात. कुठल्याही राज्यात जाऊन राहायला आणि धंदा करायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही, कारण देशात नागरिकत्व एकच आहे, राज्याचं वेगळं नाही. कधीकाळी खानापूरचा माणूस आटपाडीला गेला तरी दुसऱ्या राज्यात पोहोचत होता. कायद्याने उपरी कुणी उरला नाही.

व्यवहारात उरले आहेत. १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये देशभर मुक्त झाल्या, पण त्यांच्या नातवंडांना जातीच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पाल ठोकत फिरणाऱ्या कुटुंबाने तो कुठून आणायचा? गृहचौकशी करून दाखला देता येतो, तशी तरतूद आहे, आणि अधिकाऱ्याने ती वापरलीच पाहिजे. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली त्या लोकांच्या वसाहतींना महसुली गावाचा दर्जा मिळेपर्यंत पिढ्या गेल्या. तो नसला की स्वतःची ग्रामपंचायत नाही आणि हक्काने बोलायची जागाही नाही. देशासाठी ज्यांनी घर सोडलं त्यांच्याशी आपण असं वागलो, याचं मला आजही दुःख आहे.

शेवटी ग्रामसभा. आपल्या ग्रामपंचायत कायद्याने वर्षातून किमान चार सभा घ्यायच्या आहेत आणि गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यांपैकी जे कमी असेल ते पुरतं. गावातला प्रत्येक मतदार, मिरास असो नसो, वतन असो नसो, तिथे उभा राहून हिशेब विचारू शकतो. तरीही कित्येक सभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने मूठभर माणसं ठराव करून मोकळी होतात. लोकांना आस्था नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सभा सकाळी अकराला ठेवली तर भांगलणीला गेलेली बाई आणि ऊसतोडीला गेलेला गडी येणार कसा? मजुरी कोण भरून देणार? भत्ता द्यायची ऐपत पंचायतीत नसेल, पण वेळ बदलायला पैसे लागत नाहीत. सभा संध्याकाळी साडेसातला घ्या, वाडीवस्तीवर आळीपाळीने घ्या, आदल्या दिवशी दवंडी देऊन विषयपत्रिका वाचून दाखवा. तुमच्या गावात पुढची सभा लागेल तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) एवढा लेखी अर्ज द्या, दहा-वीस सह्यांनिशी. अर्जाची पोच मात्र घ्या.